नांव विचारावें, कीं काम पाहावें?

पुस्तकाची आवृत्ति कोणती, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीं. मुखपृष्ठ उलटलें कीं "सुधारून वाढविलेली तिसरी आवृत्ति" असें छापलेलें असतें, व तें खरें मानून वाचक पुढें जातो. मुखपृष्ठच फाटलेलें असलें तर मात्र जुन्या पुस्तकांच्या जाणत्याला निराळा उपाय करावा लागतो. तो मजकुराकडे वळतो. पुस्तक मराठी असेल, तर अनुच्चारित अनुस्वार पानोपानीं दिसतात कीं नाहीं एवढ्यावरूनच तें १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वींचें कीं नंतरचें, ह्याचा अदमास त्याला घेतां येतो. (हा अदमास चुकूंहि शकतो, प्रस्तुत लेखाचें पान पाहून कोणीहि तो चुकवील. जुनी सवय नियमानें सुटतेच असें नाहीं.) छापलेलें नांव वाचणें ही एक रीत, मजकूर तपासणें ही दुसरी. दोहोंत श्रेष्ठ कोणती, हा वाद ग्रंथालयांत कधीं रंगला नसेल. परंतु संगणकाच्या एका कोपऱ्यांत तो गेलीं चाळीस वर्षें चालला आहे.

संगणकाच्या भाषांनाहि आवृत्त्या असतात. सी, पायथन, जावा, पर्ल ह्या भाषा कोणाच्या मातृभाषा नसल्या तरी त्यांना व्याकरण आहे, त्या व्याकरणांत दर कांहीं वर्षांनीं सुधारणा होते, आणि नव्या व्याकरणानें लिहिलेलें वाक्य जुन्या यंत्राला कळत नाहीं. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या बाबतींत ही अडचण विशेष जाणवते. विकत घेतलेला प्रोग्राम वाढलेल्या ताटासारखा येतो. मुक्तस्रोत प्रोग्राम मूळांत शिधा आणि कृति अशा रूपांत येतो. म्हणजे कर्त्यानें लिहिलेला मजकूरच आपल्या हातीं पडतो, व तो आपल्या यंत्रावर कोणी तरी चालण्याजोगा करून घ्यावयाचा असतो. हें रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामाला कंपाइलर म्हणतात. आणि सगळी सिद्धता आहे ना हें आधीं पाहून मग कंपाइलराला कामाला लावणाऱ्या आज्ञांच्या टिपणाला बांधणीची स्क्रिप्ट म्हणतात. त्या स्क्रिप्टला आरंभींच जो प्रश्न सोडवावा लागतो तो हाच, कीं येथें कोणती भाषा, कोणत्या आवृत्तीची, नांदत आहे. प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. त्याचीं उत्तरें कशीं शोधलीं गेलीं व वेळोवेळीं कशीं फसलीं, हा इतिहास मात्र क्षुल्लक नाहीं. त्याच्या अगदीं अलीकडच्या प्रकरणांत तर असंख्य यंत्रांच्या किल्ल्या चोराच्या हातीं जातां जातां राहिल्या.

ह्या इतिहासाचा आरंभ युनिक्सच्या फाटाफुटींत आहे. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेली ही कार्यप्रणाली १९८० च्या दशकापर्यंत अनेक विद्यापीठांच्या व कंपन्यांच्या घरीं गेली, आणि प्रत्येकानें तींत आपापल्या सोयीनें फेरफार केले. बर्कलेची एक तऱ्हा, एटीअँडटीची दुसरी, सन आणि एचपी ह्यांच्या आणखी निराळ्या. गाण्यांत राग एक व घराणीं अनेक असतात तसें झालें. फरक एवढाच, कीं येथें एका घराण्याची चीज दुसऱ्याला गातांच येईना. प्रोग्राम वांटणारा मनुष्य सोबत टिपण देई: अमक्या यंत्रावर असाल तर ही ओळ ठेवा, तमक्यावर असाल तर ती खोडा. घेणाऱ्याला आपल्या यंत्राचें घराणें नीट ठाऊक असलें तर ठीक. नसलें तर तो अंदाजानें ओळी खोडी आणि चुकांच्या संदेशांचा अर्थ लावीत बसे.

ह्या त्रासावर एक तोडगा लॅरी वॉल ह्यांनीं काढला. वॉल पुढें पर्ल भाषेचे जनक म्हणून प्रसिद्ध झाले. परंतु त्यापूर्वीं, १९८४ सालीं, त्यांनीं युजनेटवरील चर्चा वाचण्याचा 'आरएन' नांवाचा प्रोग्राम प्रसृत केला होता. त्याच्या बांधणीसाठीं त्यांनीं 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट लिहिली. ती यंत्राची चौकशी शक्य तेवढी स्वतःच करी, जेथें निश्चय होत नसे तेथें माणसाला प्रश्न विचारी, आणि मधून मधून थट्टाहि करी. पर्लची बांधणी करणाराला त्या प्रश्नोत्तरांची परंपरा अजूनहि भेटते.

खरें वळण मात्र १९९१ सालीं आलें. त्या वर्षीं जून महिन्यांत ग्नू प्रकल्पाचीं पुष्कळशीं साधनें डेव्हिड मॅकेन्झी ह्यांच्या देखरेखीखालीं होतीं, आणि घेणाऱ्याला हातानें ठरवाव्या लागणाऱ्या निवडी वाढत वाढत सुमारें २० पर्यंत गेल्या होत्या. त्या यंत्रानेंच ठरवाव्या म्हणून मॅकेन्झी ह्यांनीं एका संचासाठीं हातानें स्क्रिप्ट लिहिली. तीच दुसऱ्या-तिसऱ्या संचाला लावतांना, एका ठिकाणीं केलेली दुरुस्ती सगळीकडे करीत बसण्याचा प्रसंग येऊं लागला. तेव्हां त्यांनीं अशा स्क्रिप्टा लिहून देणारा प्रोग्रामच रचला. त्याचें नांव ऑटोकॉन्फ. त्यासाठीं त्यांनीं कर्निघन आणि रिची ह्यांची १९७७ ची एम-फोर ही मजकूर विस्तारून देणारी छोटी भाषा उपयोगांत आणली.

ऑटोकॉन्फचें महत्त्व त्याच्या सोयींत नसून त्याच्या रीतींत आहे. तोंपर्यंत नांवांची वही ठेवण्याची पद्धत बरीच रूढ होती: यंत्राचें व प्रणालीचें नांव विचारावयाचें, वहींत तें शोधावयाचें, आणि त्यापुढें लिहिलेले गुणदोष खरे धरावयाचे. प्रणालीची नवी आवृत्ति निघाली कीं वही शिळी होई, आणि वहींत नसलेल्या यंत्राला कोणी वालीच नसे. ऑटोकॉन्फनें लिहून दिलेली स्क्रिप्ट नांवाच्या भरीं फारशी पडत नाहीं. तिला एखादी सोय आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असलें, तर ती त्या सोयीचा उपयोग करणारा चार-पांच ओळींचा एक चिमुकला प्रोग्राम जागच्या जागीं लिहिते आणि कंपाइलरापुढें टाकते. त्यानें तो स्वीकारला तर उत्तर 'होय', नाकारला तर 'नाहीं'. असे शेंकडों चिमुकले प्रोग्राम लिहून, तपासून, पुसून टाकीत ती पुढें जाते, आणि पडद्यावर 'होय', 'होय', 'नाहीं', 'होय' अशा ओळी सरकत राहतात. उमेदवाराची पदवी न पाहतां "हें एवढें करून दाखवा" म्हणणारा हा परीक्षक होता. माझ्या मतें संगणकाच्या व्यवहारांत इतकी साधी व इतकी दूरगामी सुधारणा क्वचितच झाली असेल. ह्या रीतीनें बांधलेले प्रोग्राम, कर्त्यानें ज्यांचें नांवहि ऐकलें नव्हतें अशा यंत्रांवर चालूं लागले.

मग भाषेच्या आवृत्तीचें काय? सीचें पहिलें सर्वमान्य वर्णन कर्निघन आणि रिची ह्यांच्या १९७८ च्या पुस्तकांत आहे. १९८९ सालीं अमेरिकेंत तिचें प्रमाण ठरलें, पुढल्या वर्षीं तें आंतरराष्ट्रीय झालें; नंतरच्या मोठ्या आवृत्त्या १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ च्या. पहिलीं दहा वर्षें जुनी आणि नवी बोली शेजारीं शेजारीं नांदत होत्या. एचपीच्या कंपाइलराला नवी बोली येत असे, पण विशेष संकेत दिल्यावांचून तो ती बोलत नसे. म्हणून स्क्रिप्ट आधीं नव्या बोलींतील नमुना त्याच्यापुढें ठेवी. नाकारला, तर निरनिराळ्या कंपन्यांचे संकेत एकामागून एक लावून पाही. अनोळखी कुलुपाला जुडग्यांतल्या किल्ल्या लावून पाहण्यासारखाच हा उद्योग होय.

हा खटाटोप वाचावा म्हणून प्रमाण ठरविणाऱ्यांनीं मुखपृष्ठाची व्यवस्था केली. १९९५ च्या पुरवणीपासून सीच्या कंपाइलरानें आपल्या आवृत्तीचा आंकडा स्वतःच सांगावा असें ठरलें. तो आंकडा म्हणजे वर्ष आणि महिना जोडून केलेली संख्या: १९९९ च्या आवृत्तीसाठीं १९९९०१, २०११ च्या आवृत्तीसाठीं २०१११२. ही संख्या लहान-मोठी सरळ ठरते, तुलनेंत घोटाळा नाहीं. योजना उत्तम होती. पण मुखपृष्ठ छापणारा खरें बोलेल तेव्हांच तिचा उपयोग. सी-प्लस-प्लस ह्या भगिनीभाषेच्या पहिल्या प्रमाणाचा आंकडा १९९७११ असा ठरलेला असतां, ग्नूचा कंपाइलर २०१२ च्या ४.७ ह्या आवृत्तीपर्यंत नुसतें '१' सांगत राहिला. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलराला भाषेच्या नव्या नव्या आवृत्त्या अवगत झाल्या, तरी विशेष संकेत दिल्याशिवाय तो आजहि १९९७११ हाच जुना आंकडा सांगतो. ह्यांत लबाडी नाहीं. जुना आंकडा गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम जगांत इतके पसरले आहेत, कीं खरें बोललें तर ते मोडतील, ही भीति आहे. खोटें मुखपृष्ठ येथें जुन्या गिऱ्हाइकांच्या भिडेस्तव छापलें जातें.

शिवाय मुखपृष्ठ खरें असलें तरी आंतलीं पानें पूर्ण असतील असें नाहीं. सी भाषेचा संसार दोन घरांत वांटलेला आहे: व्याकरण कंपाइलराच्या घरीं, आणि तयार साधनांचा संग्रह, ज्याला लायब्ररी म्हणतात, तो दुसऱ्याच्या घरीं. २०११ च्या आवृत्तींत एकाच वेळीं अनेक कामें चालविण्याच्या सोयी आल्या, त्या ऐच्छिक म्हणून. लिनक्सवरील ग्नूच्या लायब्ररींत त्या २०१८ च्या ऑगस्टमध्यें आल्या. कंपाइलर मात्र त्याच्या कितीतरी आधीं २०१११२ हा आंकडा सांगूं लागला होता. जी स्क्रिप्ट आंकडा वाचून थांबली ती फसली. जिनें चिमुकला प्रोग्राम लिहून पाहिला ती वांचली.

आतां आंकडा वाचण्याच्याच गमती पाहूं. सीच्या बाहेर बहुतेक भाषांच्या आवृत्त्या ठिपक्यांनीं जोडलेल्या आंकड्यांत सांगण्याचा प्रघात आहे, आणि तो ठिपका दशांशचिन्हासारखा दिसतो हें सगळ्या दुःखाचें मूळ आहे. शाळेंतील मुलाला विचारलें तर तो सांगेल कीं ३.१० आणि ३.१ एकच, आणि ३.९ त्याहून मोठा. आवृत्तींच्या भाषेंत मात्र ३.१० ही ३.९ च्या नंतरची, जशी कायद्याच्या पुस्तकांत ९ व्या पोटकलमानंतर १० वें येतें तशी. हा फरक न ओळखणाऱ्या स्क्रिप्टा वर्षानुवर्षें बिनबोभाट चालतात, कारण ९ च्या पुढें जाण्याची वेळ लौकर येत नाहीं. लिबटूल नांवाच्या साधनांत 'फ्रीबीएसडी १' नंतर कांहींहि असलें तरी ती जुनीपुराणी पहिली आवृत्ति समजावी, असा सांचा होता. १९९३ सालीं निघालेल्या पहिल्या आवृत्तीसाठीं तो योग्यच होता. २०१४ च्या जानेवारींत फ्रीबीएसडी १० निघाली, आणि ती अद्ययावत् प्रणाली वीस वर्षांपूर्वींची समजली जाऊन प्रोग्रामांनीं सामाईक वापरावयाच्या लायब्रऱ्या तेथें बांधण्याचें नाकारलें जाऊं लागलें.

पायथनची ३.१० ही आवृत्ति २०२१ च्या ऑक्टोबरमध्यें यावयाची होती, तेव्हां हेंच संकट आधीं दिसलें. पुष्कळ स्क्रिप्टा पायथनच्या आवृत्तीचीं पहिलीं तीन अक्षरें तोडून घेत: '२.७', '३.६', '३.९'. '३.१०' चीं पहिलीं तीन अक्षरें '३.१' होतात, आणि ३.१ ही तर २००९ ची आवृत्ति! ऑटोकॉन्फचें भावंड जें ऑटोमेक, त्यांतहि हाच दोष होता. २०२० च्या १.१६.३ ह्या आवृत्तींत तो सुधारला गेला. पायथनमध्यें आवृत्तीचे घटक सुटे सुटे देणारी सोय फार जुनी आहे, पण तीन अक्षरें तोडणें हाताला सोपें पडतें. जावाची गोष्ट ह्याच्या उलट बाजूची. १.५ ही आवृत्ति २००४ सालीं '५' ह्या नांवानें बाजारांत आली, परंतु यंत्राला विचारलें तर तें '१.५' च सांगे. '१.८' पर्यंत असेंच चाललें, आणि 'ठिपक्यानंतरचा आंकडा खरा' हें स्क्रिप्टा लिहिणाऱ्यांच्या अंगवळणीं पडलें. २०१७ च्या सप्टेंबरांत नवव्या आवृत्तीनें प्रथमच सरळ '९' असें उत्तर दिलें, आणि ठिपक्यानंतरचा आंकडा शोधणाऱ्यांना ठिपकाच सांपडेना.

पायथनच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचा तंटा ह्या सर्वांत लांबला. ३.० ही आवृत्ति २००८ च्या डिसेंबरमध्यें निघाली आणि तिनें जुन्या पिढीशीं बुद्ध्याच फारकत घेतली. जुनी पिढी १ जानेवारी २०२० पर्यंत सांभाळली गेली. म्हणजे अकरा वर्षें एकाच नांवाच्या दोन भाषा एकाच यंत्रावर राहत होत्या. 'पायथन' अशी हाक मारली तर 'ओ' कोणी द्यावी? बहुतेक लिनक्स-वितरणांवर दुसऱ्या पिढीची भाषा ओ देई. आर्च लिनक्सनें २०१० च्या ऑक्टोबरमध्यें ती हाक तिसऱ्या पिढीकडे वळविली, आणि शेंकडों स्क्रिप्टा गोंधळल्या. २०११ सालीं पायथनच्या मंडळींनीं एक संकेतपत्र काढून, तूर्त नुसत्या नांवानें जुन्या पिढीनेंच उत्तर द्यावें, नवीला '३' लावून हांक मारावी, असें सुचविलें. पुढें जुनी पिढी गेल्यावर उबंटूनें २०२० मध्यें नुसत्या नांवाला कोणीच उत्तर देऊं नये अशी व्यवस्था केली, आणि ज्यांना तें अडचणीचें होईल त्यांच्यासाठीं 'पायथन म्हणजे पायथन-३' अशा अर्थाच्या नांवाचें एक स्वतंत्र पॅकेज ठेवलें. वारसाचे दाखले आपल्या कचेऱ्यांतून मिळतात, त्यांतलाच हा प्रकार.

ह्या तंट्यांत एक सूक्ष्म अडचण अशी निघाली, कीं आवृत्ति विचारणारें वाक्यच दोन्ही आवृत्त्यांना कळेल असें असावें लागतें. एखाद्या कर्त्यानें आपल्या स्थापनेच्या फायलींत पहिल्याच ओळीवर "पायथन ३.६ च्या खालीं असाल तर नम्रपणें तसें सांगून थांबा" असें लिहिलें, आणि शंभराव्या ओळीवर ३.६ मध्येंच आलेली एखादी नवी वाक्यरचना वापरली, तर जुना पायथन त्या पहिल्या ओळीपर्यंत पोंचतच नाहीं. तो सगळी फाईल आधीं वाचून व्याकरण तपासतो, शंभराव्या ओळीवर अडखळतो, आणि "व्याकरण चुकलें" एवढेंच सांगून खालीं बसतो. वापरणाऱ्याला वाटतें प्रोग्रामच सदोष आहे. ह्याचा उपाय फायलीच्या बाहेर सांपडला: कोणती आवृत्ति पाहिजे हें पॅकेजच्या वेष्टनावर लिहावें, आणि आणून देणाऱ्या 'पिप' ह्या साधनानें तें आधीं वाचावें. २०१६ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या पिप ९ पासून हें शक्य झालें. म्हणजे येथें अखेर छापील मुखपृष्ठाचाच पक्ष सरस ठरला. आणि तो कांहीं ठिकाणीं सरस ठरणें भागच आहे: सातला दोनांनीं भागा म्हटलें तर दुसऱ्या पिढीचा पायथन ३ म्हणतो, तिसऱ्या पिढीचा ३.५. वाक्य एकच, व्याकरण दोहींकडे शुद्ध, अर्थ निराळा. नुसत्या व्याकरणाच्या कसोटीला हा फरक दिसत नाहीं.

तरीहि एवढ्या इतिहासानंतर सुज्ञांचा कल मॅकेन्झी ह्यांच्या रीतीकडेच राहिला: नांव विचारूं नका, काम पाहा. ती रीत अचूक मानली गेली, आणि तीस वर्षांनंतर तिच्यांतील खरें व्यंग उघडें पडलें. कंपाइलरानें चिमुकला प्रोग्राम नाकारला कीं स्क्रिप्ट 'नाहीं' लिहिते. परंतु नाकारण्याचीं कारणें दोन असूं शकतात: मागितलेली सोय खरोखरच नाहीं, किंवा प्रश्नच अशुद्ध लिहिला गेला. स्क्रिप्टला हा भेद कळत नाहीं. परीक्षकानें प्रश्नपत्रिकेंत छपाईची चूक करावी आणि सबंध वर्ग नापास ठरवावा, आणि ही गोष्ट कोणाच्या लक्षांतहि येऊं नये, असें हें आहे.

हें कसें घडलें तें पाहा. जुन्या सींत कार्याच्या नांवापुढें त्याचा प्रकार लिहिला नाहीं तर तो पूर्णांक समजावा, आणि कधीं न सांगितलेलें कार्य वापरलें तरी चालवून घ्यावें, अशी मुभा होती. १९९९ च्या आवृत्तीनें ती काढून घेतली. कंपाइलरांनीं मात्र ह्या बाबतींत सौम्य राहून नुसती ताकीद देण्याचा क्रम पंचवीस वर्षें ठेवला. त्या अवधींत लिहिलेल्या असंख्य स्क्रिप्टांतील चिमुकले प्रोग्राम ह्या मुभेवरच उभे होते. घाईंत लिहिलेल्या चार ओळींत कोण प्रकार लिहितो? २०२३ च्या मार्चमध्यें क्लँग १६ नें आणि ७ मे २०२४ रोजीं ग्नूच्या कंपाइलराच्या १४ व्या आवृत्तीनें ही मुभा बंद केली. त्याबरोबर ते प्रश्न अशुद्ध ठरले आणि उत्तरें 'नाहीं' येऊं लागलीं. सोयी जागच्या जागींच होत्या. बांधणी थांबली नाहीं, चूक म्हणून कांहीं दिसलें नाहीं. प्रोग्राम तयार झाला, फक्त त्यांतील एखादें अंग गुपचुप गळून पडलेलें.

फेडोरा, जेंटू आदि वितरणांच्या मंडळींनीं हें संकट आधींच ओळखून शेंकडों पॅकेजें तपासलीं व दुरुस्त केलीं. ग्नूच्या कंपाइलराच्या मार्गदर्शिकेंतहि असा सल्ला दिलेला आहे, कीं १३ व्या व १४ व्या अशा दोन्ही आवृत्त्यांनीं बांधून स्क्रिप्टेच्या उत्तरांच्या याद्या ताडून पाहाव्या. हें काम अत्यंत कंटाळवाणें असतें, त्याची कोठें वाहवा होत नाहीं, आणि तें झालें म्हणूनच सामान्य वापरणाऱ्याला कांहींच कळलें नाहीं. ऑटोकॉन्फची २.६९ ही आवृत्ति २०१२ मध्यें व पुढली २.७० ही २०२० च्या डिसेंबरमध्यें निघाली, म्हणजे मध्यें आठ वर्षें नवी आवृत्तीच नव्हती. आणि ऑटोकॉन्फ सुधारलें तरी तेवढ्यानें भागत नाहीं. घेणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ असण्याची गरज पडूं नये म्हणून लिहून झालेली स्क्रिप्टच प्रोग्रामासोबत वांटण्याचा उदार रिवाज आहे. तेव्हां कोणा कर्त्यानें फार वर्षांपूर्वीं बांधून ठेवलेल्या गांठोड्यांत जुनीच स्क्रिप्ट राहते. ती हजारों ओळींची, यंत्रानें लिहिलेली, माणसानें वाचण्यासाठीं नसलेली असते, आणि ती कोणी वाचीत नाहीं.

ती कोणी वाचीत नाहीं, हें एका मनुष्यानें नीट हेरलें होतें. एक्सझेड हें फायली दाबून लहान करण्याचें साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स-यंत्रावर असतें. त्याचे मूळ सांभाळकर्ते लासे कोलिन. जिया तान ह्या नांवानें वावरणाऱ्या कोणी कांहीं वर्षें मदत करून त्यांचा विश्वास मिळविला, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्या प्रसृत केल्या. सार्वजनिक भांडारांत ठेवलेल्या मूळ मजकुरांत जी नव्हती अशी एक फेरफार केलेली एम-फोर फाईल वांटावयाच्या गांठोड्यांत होती. तिच्यामुळें 'कॉन्फिगर' चालतांना, चाचणीसाठीं म्हणून ठेवलेल्या फायलींत दडविलेला विषारी भाग बाहेर काढला जाई. तोहि सरसकट नव्हे. यंत्र अमुक जातीचें आहे का, प्रणाली लिनक्स आहे का, कंपाइलर ग्नूचा आहे का, बांधणी वितरणाच्या पॅकेजसाठीं चालली आहे का, हें सर्व तपासून मगच तो पाऊल टाकी. चोरानेंहि आधीं परीक्षाच घेतली. मॅकेन्झी ह्यांची विद्या त्याला पुरती अवगत होती. हेतु असा, कीं दूरच्या यंत्रावर प्रवेश देणाऱ्या 'एसएसएच' च्या दारांत आपल्यासाठीं एक चोरवाट असावी. अँड्रेस फ्रॉइंड ह्या पोस्टग्रेस-विकासकांना आपल्या यंत्रावर त्या प्रवेशाला सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें, त्यांनीं त्याचा छडा लावला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं ही गोष्ट जाहीर केली. त्या आवृत्त्या मुख्यतः प्रायोगिक वितरणांतच पोंचल्या होत्या, म्हणून निभावलें.

वर्तमानपत्रांनीं ह्या चोरवाटेविषयीं पुष्कळ लिहिलें. त्याच प्रकरणांतील एक लहान गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक बोलकी आहे. लिनक्समध्यें लँडलॉक नांवाची सोय २०२१ पासून आहे. तिच्या योगानें एखादा प्रोग्राम स्वतःच्या हातापायांत बेड्या घालून घेऊं शकतो, म्हणजे त्याला कोणी बिघडविलें तरी त्याच्याकडून फारसें नुकसान होऊं नये. एक्सझेड ती सोय वापरीत असे, आणि ती यंत्रावर आहे कीं नाहीं हें बांधणीच्या वेळीं तोच जुना चिमुकला प्रोग्राम लिहून तपासलें जाई. ऑटोकॉन्फची वाट आणि सीमेक ह्या नव्या साधनाची वाट, अशा दोन वाटा तेथें होत्या. त्यांपैकीं सीमेकच्या चाचणींत, २०२४ च्या फेब्रुवारीअखेर, त्याच जिया तानच्या हातून एका कोऱ्या ओळीवर एक ठिपका पडला. ठिपका सीच्या व्याकरणांत तेथें बसत नाहीं. कंपाइलर चाचणी नाकारी, स्क्रिप्ट 'नाहीं' लिही, आणि सोय यंत्रावर असतांहि बेड्या घातल्या जात नसत. सीमेकच्या वाटेनें बांधणारे थोडे होते, म्हणून ह्या ठिपक्याची झळ फार जणांना लागली नाहीं. परंतु तो बदल उघड भांडारांत, सर्वांच्या डोळ्यांपुढें, महिनाभर पडून होता. मार्चच्या अखेरीस कोलिन ह्यांनीं तो पुसला, आणि बदलाच्या नोंदींत त्या चाचणीवर घातपात झाला होता असें उघड लिहिलें. एवढी मोठी नोंद ज्याच्यासाठीं केली, ती दुरुस्ती एका पूर्णविरामाची होती.